ऑप्शन फॉर्ममध्ये मोठी कॉलेजं वर लिहिली तर मधलं कॉलेज हातचं जातं का?

एका वडिलांनी विचारलं आहे: मुलाने संगमनेरमधून बारावी केली, इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, 94 पर्सेंटाईल आहेत, प्रवर्ग ओबीसी, आणि त्याला कॉम्प्युटर किंवा आयटीच करायचं आहे. क्लासच्या सरांनी सांगितलं की ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज-ब्रँचच्या पसंतीक्रमाच्या यादीत, खात्रीचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाका. पुण्यातली मोठी कॉलेजं वर लिहून ती नाही मिळाली, तर तोपर्यंत मधल्या कॉलेजच्या जागा त्यांना पहिलं लिहिणारी मुलं घेऊन गेलेली असतील. हे खरं का, आणि क्रम नेमका कसा लावायचा?

खरं नाही. सरांनी चांगल्या हेतूने सांगितलं असेल, पण हा सल्ला पाळला तर नुकसान तुमच्या मुलाचंच होईल. कसं, ते आधी सांगतो. कॉलेजांची नावं आणि ब्रँच यांचा विचार त्यानंतरच करता येतो.

कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, जागा कशी दिली जाते ते बघा. सगळे उमेदवार मेरिट नंबरने रांगेत उभे असतात. ज्याचा नंबर वर, त्याची यादी आधी उघडते. संगणक त्याचा पहिला पर्याय बघतो. जागा शिल्लक असेल तर देतो, नसेल तर दुसरा, मग तिसरा, असा खाली जातो. त्याचं झालं की पुढच्या मेरिट नंबरची यादी उघडते. तुमच्या मुलाचा नंबर 30,000 आहे आणि त्याने एखादं कॉलेज अठरावं लिहिलं आहे; दुसऱ्या मुलाचा नंबर 30,001 आहे आणि त्याने तेच कॉलेज पहिलं लिहिलं आहे. जागा एकच उरली, आणि तुमच्या मुलाचे वरचे सतरा पर्याय भरलेले निघाले, तर ती जागा तुमच्या मुलाचीच. दुसऱ्याने पहिलं लिहिलं याला काहीही वजन नाही. प्रवर्गांमुळे ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने चालते, पण हे तत्त्व प्रत्येक टप्प्यात तसंच राहतं. कॉलेजला तर तुम्ही त्यांना कितवं लिहिलं हे जागा वाटताना विचारलंच जात नाही.

म्हणजे वर कितीही अवघड कॉलेजं लिहा, खालच्या पर्यायांचं काही बिघडत नाही. उलट खात्रीचं वर लिहिलं की मात्र बिघडतं, कारण संगणक ते मिळवून देतो आणि तिथेच थांबतो. त्याखाली जे चांगलं लिहिलंय त्याकडे तो बघतसुद्धा नाही.

आता ऑटो फ्रीझ. 2025-26 च्या प्रवेशांत कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर जागा आपोआप गोठते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही मिळाला तर, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळाला तर. चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम. गोठली म्हणजे पुढच्या फेऱ्यांतून उमेदवार बाहेर. ती जागा घ्यायची, नाहीतर कॅप सोडायची. हे आकडे वर्षागणिक बदलू शकतात. म्हणून तुमच्या वर्षाच्या माहिती पुस्तिकेत हे पान आधी काढून वाचा. बाकीची पुस्तिका नंतर वाचली तरी चालेल.

सरांचा सल्ला इथे सर्वांत महाग पडतो. 94 ला सहज मिळणारं कॉलेज पहिलं लिहिलं, पहिल्याच फेरीत ते मिळालं, जागा गोठली. पुढच्या फेऱ्यांत मोठ्या कॉलेजांच्या जागा सुटतात, कारण वरची मुलं आयआयटी-एनआयटीकडे किंवा दुसऱ्या ब्रँचकडे जातात. त्या जागांसाठी तुमचा मुलगा रांगेतच नसतो.

याच्या उलट टोकाचा एक सल्लाही फिरतो: वरचे सहा पर्याय मुद्दाम अशक्य कॉलेजांचे भरा, म्हणजे गोठायची भीतीच नाही. ज्या कॉलेजात मूल खरंच आनंदाने जाईल ते अशक्य वाटलं तरी वर लिहायला काही हरकत नाही. पण नको असलेलं कॉलेज किंवा नको असलेली ब्रँच केवळ जागा अडवायला लिहू नका. लहान ब्रँचमध्ये एखाद्या वर्षी कटऑफ अचानक घसरतो, आणि तिसऱ्या फेरीत मेटलर्जी गळ्यात पडून गोठते.

क्रम लावायची माझी पद्धत सोपी आहे. मी यादी वरून खाली वाचतो आणि प्रत्येक दोन शेजारच्या ओळींवर मुलाला एकच प्रश्न विचारतो: उद्या सकाळी या दोन्ही जागा मिळाल्या तर कुठली घेशील? खालची म्हणाला तर ओळी बदलायच्या. कटऑफ किती, मिळेल की नाही, हे या वेळी मनातही आणायचं नाही. कटऑफचा उपयोग एवढाच की यादी खाली किती लांब न्यायची हे ठरवता येतं. क्रम इच्छेने लावायचा, लांबी मेरिटने ठरवायची. या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते, म्हणूनच बहुतेक फॉर्म फसतात.

लांबीचं बघू. फॉर्ममध्ये 300 पर्यंत पर्याय देता येतात, सगळे भरायची गरज नसते. पण आठ-दहा पर्यायांवर थांबणं धोक्याचं आहे. तुमच्या मुलासारख्या स्थितीत मी साधारण चाळीस ते साठ पर्याय लिहायला सांगतो: वरचा तिसरा हिस्सा त्याच्या नंबरापेक्षा अवघड, मधला त्याच्या आसपासचा, आणि शेवटचा असा की गेल्या वर्षी त्याच्यापेक्षा दीडपट मागच्या मेरिट नंबरलाही तो मिळाला होता. शेवटच्या हिश्श्यातही एकच अट: मिळालं तर मुलगा तिथे जाईल. जिथे जायचंच नाही ते यादीत नको.

आता कटऑफची पीडीएफ. ती नीट वाचता आली की निम्मा गोंधळ संपतो. प्रत्येक रकान्यावर एक कोड असतो. जी-ओबीसी-एच घ्या: पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण जागा (एल असेल तर मुलींसाठी राखीव), मधला भाग प्रवर्ग, आणि शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. शेवटी ओ असेल तर होम युनिव्हर्सिटीबाहेरच्यांसाठी, एस असेल तर राज्यस्तरीय. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून केली त्यावरून. संगमनेर अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे तुमचं विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पुणे, नाशिक, अहिल्यानगर इथल्या संलग्न खासगी कॉलेजांत तुम्ही जी-ओपन-एच आणि जी-ओबीसी-एच हे रकाने बघायचे. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजात ओ संपणारे. पुण्याच्या सीओईपीसारख्या ठिकाणी एस संपणारे. होमच्या जागा 70 टक्के आणि बाहेरच्यांना 30 टक्के, त्यामुळे एकाच कॉलेजच्या एकाच ब्रँचमध्ये एच आणि ओ यांच्या कटऑफमध्ये बराच फरक दिसतो. चुकीच्या रकान्यावर बोट ठेवून फॉर्म भरणारे पालक दर वर्षी असतात.

फॉर्म भरताना मात्र प्रवर्ग निवडावा लागत नाही. एका कॉलेजच्या एका ब्रँचला एकच चॉइस कोड असतो. ओबीसी उमेदवाराचा विचार आधी खुल्या जागेसाठी होतो, मग ओबीसी जागेसाठी, हे आपोआप घडतं. अपवाद टीएफडब्ल्यूएसचा. ही ट्यूशन फी माफीची योजना आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. तिचा चॉइस कोड वेगळा असतो आणि तो स्वतंत्र ओळ म्हणून लिहावा लागतो, नाहीतर पात्र असूनही विचार होत नाही. मंजूर जागांच्या वर 5 टक्के जागा असतात, म्हणजे साठच्या तुकडीत तीन. त्यांना प्रवर्ग नाही, शुद्ध मेरिट, त्यामुळे कटऑफ सहसा त्याच ब्रँचच्या खुल्या जागेपेक्षा चढा असतो. माफी फक्त ट्यूशन फीची, डेव्हलपमेंट फी वगैरे भरावीच लागते. आणि या जागेवर प्रवेश घेतला की पुढे कॉलेज किंवा ब्रँच बदलून मिळत नाही. त्याच ब्रँचची टीएफडब्ल्यूएस ओळ साध्या ओळीच्या लगेच वर ठेवा; परवडणं हाच मोठा प्रश्न असेल तर आणखी वर.

पीडीएफमध्ये प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात: वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाईल. मी मेरिट नंबरवर जास्त भिस्त ठेवतो. पर्सेंटाईल सांगतं की परीक्षा देणाऱ्यांपैकी किती टक्के मागे आहेत. साडेचार लाख मुलं बसली तर 94 च्या पुढे सुमारे 27,000 असतात. तीन लाख बसली तर 18,000. आकडा तोच, रांग मात्र वेगळी. जागा रांगेप्रमाणे संपतात. म्हणून मुलाचा अंतिम मेरिट नंबर आला की गेल्या वर्षीच्या नंबरांशी ताडून बघा, आणि एकाच वर्षाचा नको, निदान दोन वर्षांचा बघा. अलीकडे एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) 2024-25 पासून प्रवेश क्षमतेवरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर अनेक कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. जिथे जागा वाढल्या तिथे जुना कटऑफ फसवतो. सीट मॅट्रिक्समध्ये (जागांच्या तक्त्यात) या वर्षीची क्षमता बघून मगच अंदाज बांधा. तसंच पीडीएफमध्ये टप्पे दिलेले असतात. शेवटच्या टप्प्यात रिकाम्या राखीव जागा इतरांना जातात आणि एखादा फारच खालचा आकडा दिसतो. तो धरून आशा ठेवू नका.

94 चं सरळ सांगायचं तर सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, पुण्याचं पीआयसीटी यांच्या कॉम्प्युटरला खुल्या गटातून 99 च्या वर लागतात. ओबीसीलाही ते फार खाली येत नाहीत. हवी असतील तर वर लिहा, पण खरी लढाई पुण्या-नाशिकच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीत आहे. तिथे प्रश्न येतो तो हा: नावाजलेल्या कॉलेजात ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), की नव्या कॉलेजात कॉम्प्युटर?

याला एकच उत्तर नाही, मुलावर अवलंबून आहे. हार्डवेअर, सिग्नल, सर्किट यांत थोडाही रस असेल तर जुन्या, चांगल्या कॉलेजची ईअँडटीसी मी वर ठेवीन. तिथून सॉफ्टवेअर कंपन्यांत जाणारी मुलं पुष्कळ असतात. पण मुलाला सर्किट बघूनच कंटाळा येत असेल तर चार वर्षं रेटणं कठीण जातं आणि गुण घसरतात. मग मधल्या फळीतलं कॉम्प्युटर बरं. तुम्ही लिहिलंय की त्याला कॉम्प्युटर किंवा आयटीच हवं. हे त्याचं मत आहे की घराचं, एवढं त्याला एकट्याला बसवून विचारा.

कॉम्प्युटर आणि आयटी यांत मी फरक करत नाही. एआय अँड डेटा सायन्स, एआयएमएल, सायबर सिक्युरिटी या ब्रँचच्या बाबतीत मी नाव सोडून अभ्यासक्रम उघडतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि कॉम्प्युटर नेटवर्क हे चारही विषय पूर्ण पेपर म्हणून असतील तर ती ब्रँच कॉम्प्युटरच्या बरोबरीने यादीत घ्या. यांपैकी दोन गाळून त्या जागी साधनं शिकवणारे पेपर भरले असतील तर एक पायरी खाली. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत अभ्यासक्रम विद्यापीठाचाच असतो. स्वायत्त कॉलेजं स्वतःचा ठरवतात, तो त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो.

कॉलेजला भेट द्याल तेव्हा प्लेसमेंटच्या फलकावरचा सर्वांत मोठा आकडा वाचून परत येऊ नका. विचारायचं असं: गेल्या वर्षी कॉम्प्युटरच्या अंतिम वर्षात किती मुलं होती, त्यांपैकी किती जणांना नोकरी लागली, आणि मधल्या मुलाचं पॅकेज काय होतं. मग तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारा की प्रॅक्टिकल खरोखर होतात का आणि वर्षभरात किती शिक्षक बदलले. तुकड्या एकदम वाढलेल्या कॉलेजांत अडचण बहुधा शिक्षकांचीच असते.

आता कागदपत्रं. ओबीसीसाठी तीन कागद: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअर हे प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या 31 मार्चपर्यंत वैध लागतं. 2025-26 च्या प्रवेशाला 31 मार्च 2026 पर्यंतचं चालत होतं. घरात असलेलं प्रमाणपत्र गेल्या वर्षी संपलेलं असणं ही नेहमीची अडचण आहे. वैधता अजून मिळाली नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पावती जोडता येते, पण मूळ प्रमाणपत्र द्यायची मुदत असते. ती चुकली तर उमेदवार खुल्या गटात जातो आणि ओबीसी जागा गेली म्हणून समजा. याशिवाय दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, आणि टीएफडब्ल्यूएस हवं असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते बघा.

ई-स्क्रूटिनी (कागदांची ऑनलाइन तपासणी) निवडली तर कागद घरून अपलोड होतात. मोबाइलने काढलेले तिरके, कडा कापलेले फोटो परत येतात आणि दोन-तीन दिवस तिथेच जातात. सपाट ठेवून स्कॅन करा. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की त्यात नाव, प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटी आणि उमेदवारीचा प्रकार त्याच दिवशी तपासा. दुरुस्ती तक्रारीच्या मुदतीतच होते. अंतिम यादीनंतर कोणी काही करू शकत नाही.

ऑप्शन फॉर्म भरल्यावर तो कन्फर्म करावा लागतो. नुसता सेव्ह केलेला फॉर्म धरला जात नाही. कन्फर्म झाल्याची प्रत काढून ओळ न् ओळ वाचा. चॉइस कोडचा एक आकडा चुकला तर कॉम्प्युटरऐवजी सिव्हिल येतं. लॉगिन आणि ओटीपी कुणाच्याही हातात देऊ नका, "आमच्याकडून मोफत भरून घ्या" म्हणणाऱ्या कॉलेजच्या माणसाच्या तर नाहीच. त्याच्या हातून भरलेल्या फॉर्ममध्ये त्याचंच कॉलेज पहिल्या ओळीत जायची शक्यता असते, आणि ते पहिल्या फेरीत गोठतं.

जागा मिळाली आणि ती गोठणाऱ्या क्रमांकात नसेल तर दोन वाटा असतात: फ्रीझ (हीच जागा पक्की करणं) किंवा बेटरमेंट (ती हातात ठेवून वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत जाणं). बेटरमेंट म्हणजे काही न करता थांबणं, असा समज आहे. तसं केलं तर हातची जागा जाते. दोन्हीसाठी मुदतीत लॉगिन करून 1,000 रुपये जागा स्वीकृती शुल्क भरायचं असतं. ते भरून बेटरमेंट घेतली की पुढच्या फेरीत वरचं मिळालं तर जुनी जागा आपोआप सुटते, नाही मिळालं तर जुनी राहते. मात्र वरचं मिळालं की मागे फिरता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीचा फॉर्म उघडेल तेव्हा हातातल्या जागेपेक्षा जे खरोखर चांगलं वाटतं तेवढंच वर ठेवा.

फीबद्दल थोडक्यात. ओबीसी मुलांना कॅपमधून प्रवेश असेल तर ट्यूशन फीच्या निम्मी रक्कम महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून मिळते. हे वाचणाऱ्यांत मुलीचे पालक असतील तर त्यांच्यासाठी: 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण फक्त कॅपमधून प्रवेश घेतला तर. संस्थास्तरीय कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर, घेतला तर नाही. हा फरक चार वर्षांत लाखांत जातो, आणि कोट्याची जागा "आजच बुक करा" म्हणून सांगणारे तो सांगत नाहीत.

पर्यायी वाट हातात ठेवायची असेल तर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सचा अर्ज चांगल्या सायन्स कॉलेजात करून ठेवा. तिथे राज्याची सीईटी लागत नाही, आणि ती यादी बहुधा कॅपच्या आधी लागते. बीसीएला मात्र 2024 पासून वेगळी सीईटी आहे; तिची नोंदणी केली नसेल तर कॅपच्या बीसीए जागा या वर्षी सोडून द्या. खासगी विद्यापीठात पैसे भरून जागा धरण्याआधी परताव्याचा नियम लेखी मागा. एआयसीटीईच्या कक्षेतल्या संस्थांना ठरलेल्या तारखेआधी प्रवेश रद्द केल्यास जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते. मूळ गुणपत्रिका कुठेही ठेवून येऊ नका, दाखवून परत आणा; कॅपची जागा मिळाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच कागदांसह दुसऱ्या गावी हजर व्हायचं असतं.

मुलाचा राज्याचा मेरिट नंबर आला की तो आणि यादीतल्या पहिल्या वीस ओळी कळवा, मग ओळीनुसार बोलू. नॉन-क्रिमीलेअरवरची तारीख मात्र आजच काढून बघा; जुनी असेल तर नवीन प्रमाणपत्राचा अर्ज उद्याच सेतू केंद्रात द्या, जून-जुलैत तिथे गर्दी उसळते.